हळूबाईचा चटका

"या अल्ला! चटका बसला!"

दस्तगीरचाचा खुर्चीतून असे ताडकन उठले, की त्यांच्या मनगटावरची पट्टी सुटून लोंबायला लागली आणि शेजारच्या स्टुलावरचा पाण्याचा पेला फरशीवर आडवा झाला. शाल्मली जागच्या जागी थिजली. त्या पट्ट्या तिनेच लावल्या होत्या. मावशीने आज पहिल्यांदा तिच्या हाती हे काम दिलं होतं, आणि पहिल्याच दिवशी हा प्रकार.

हळूबाईने त्याच क्षणी वीज बंद केली होती. तिच्या डोक्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. "उपचार थांबवला आहे," ती तिच्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली. "पण प्रवाह वाढलेला नाही. काल शंभर मायक्रोॲम्पिअर होता, आजही शंभरच आहे. काल चाचांना काहीही जाणवलं नव्हतं."

"मग आज काय माझ्या मनगटाला खोटं बोलायची हौस आली व्हय?" चाचा मनगट चोळत म्हणाले.

कोडं होतं ते हेच. वीज तीच, तेवढीच. माणूस तोच, मनगटही तेच. काल मुंगी चालल्याएवढंसुद्धा कळलं नाही आणि आज इंगळी डसल्यासारखं झालं. असं कसं?

उत्तराच्या मागे लागण्याआधी ही मंडळी कोण ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा चटका कोणाला बसला आणि कोणी दिला याचा पत्ता नाही आणि गोष्ट पळतेय पुढे.

गोष्ट मिरजेतली आहे, पण आजच्या मिरजेतली नाही, अजून काही वर्षांनी जी मिरज असेल तिथली. तेव्हा औषधं घेऊन उडत्या पेट्या छपरांवरून ये-जा करत, आणि कावळे त्यांना मन लावून पिटाळत. दवाखाने पूर्वीसारखेच उदंड होते आणि तंबोरे, सतारी करणाऱ्यांची गल्लीही पूर्वीसारखीच होती. शाल्मलीची मावशी, डॉक्टर विशाखा, इथे फिजिओथेरपिस्ट होती (म्हणजे व्यायाम, शेक आणि विजेच्या मदतीने दुखरे सांधे आणि स्नायू बरे करणारी). शाल्मली सुट्टीत नाशिकहून तिच्याकडे आली होती. वय अकरा, आणि तोंड म्हणजे प्रश्नांची टांकसाळ.

हळूबाई म्हणजे मावशीच्या दवाखान्यातला यंत्रमानव. कारखान्यातून येताना तिला एक लांबलचक नंबर होता, तो कोणाच्याच ध्यानात राहिला नाही. ती सगळंच इतकं हळू करायची, की एका आजोबांनी वैतागून तिला हळूबाई म्हटलं आणि तेच नाव पडलं. तिला मऊ गादीचे दोन हात होते. तोंड नव्हतं, तरी चौकशा मात्र फार.

राहिले दस्तगीरचाचा. ते तंबोरे बनवायचे. भोपळा वाळवण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सगळं करायचे, पण त्यांचं नाव होतं ते जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. त्या घोडीचा माथा कानशीने इतका नाजूक घासायचा, की तार नुसती वाजता कामा नये, ती गुंजली पाहिजे. त्या गुंजण्याला जवारी म्हणतात. आयुष्यभर कानस फिरवून चाचांच्या उजव्या मनगटातली कंडरा (स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी) सुजली होती. आता पेला उचलतानासुद्धा कळ यायची. आणि ज्याला पेला धरवत नाही त्याने कानस काय धरायची?

आदल्या दिवशी चाचा पहिल्यांदा आले, तेव्हा हळूबाईने आपल्या चौकशा सुरू केल्या.

"हृदयाला ठोके देणारं यंत्र बसवलं आहे का?"

"न्हाई."

"फिट येते का? कॅन्सरचा आजार आहे का? मनगटावर उघडी जखम आहे का?"

"न्हाई, न्हाई आणि न्हाई."

"पोटात बाळ आहे का?"

चाचा आधी हळूबाईकडे, मग आपल्या पोटाकडे आणि मग मावशीकडे बघायला लागले. "डॉक्टरबाई, दाढी दिसत न्हाई का हिला?"

शाल्मली इतकी हसली, की तिला उचकी लागली. मावशीही हसली, पण म्हणाली, "चाचा, ती कोणालाच गृहीत धरत नाही. सगळ्यांना सगळं विचारते. यातलं एक जरी उत्तर 'हो' असेल, तर आधी मोठ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आम्ही वीज लावतच नाही. गळ्यावर तर कधीच लावत नाही, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या वाटेत छाती येईल अशाही लावत नाही. काळजाला त्याची स्वतःची वीज आहे, आपण मध्ये लुडबुड करायची नाही."

मग तिने मनगटावर हळूबाईला तारांनी जोडलेल्या दोन मऊ, ओलसर पट्ट्या लावल्या. एका पट्टीतून वीज शरीरात शिरते आणि दुसरीतून बाहेर पडते. हळूबाईने एक बारीकसा आवाज केला आणि म्हणाली, "चालू आहे. काय जाणवतंय?"

चाचा डोळे मिटून बसले. मग एक डोळा उघडला. "काय बी न्हाई."

"बरोबर," हळूबाई म्हणाली.

"बरोबर काय? वाढव की जरा. वीज म्हटल्यावर जरा झिणझिण्या तरी आल्या पायजेत. मागं एकदा दुसऱ्या दवाखान्यातल्या यंत्रावर हात कसा थडथड उडायचा!"

"जाणवायला लागली तर ती जास्त झाली," हळूबाई म्हणाली आणि प्रवाह तसूभरही वाढवला नाही.

शाल्मलीलाही ते पटलं नव्हतंच. जे कळतच नाही ते काम काय करणार? तेव्हा मावशीने दोघांनाही समजावून सांगितलं होतं. ॲम्पिअर हे वीज किती वाहते ते मोजायचं माप. मायक्रोॲम्पिअर म्हणजे एका ॲम्पिअरचा दहा लाखावा भाग. असे शंभर घेतले, तरी यंत्रावर असतो ना तो बारकासा लाल दिवा, त्याच्या पोटात जाते त्याच्या शंभराव्या भागाइतकी वीज झाली. "पण आपल्या शरीरात जी वीज आहे तीही तेवढीच बारीक असते," मावशी म्हणाली. "आपली प्रत्येक पेशी (शरीराची सगळ्यात लहान खोली म्हण) आतबाहेर विजेचा थोडा फरक राखून असते. तुझं बोट कापलं ना, की त्या जागी तो फरक बिघडतो आणि अगदी बारीक प्रवाह वाहायला लागतो. जखम भरायला येणाऱ्या पेशींना तो प्रवाह वाट दाखवतो. सूक्ष्मप्रवाह उपचार म्हणजे त्याच मापाची वीज बाहेरून द्यायची. मोठ्या विजेने स्नायू उडवायचे, हा वेगळा उपचार. हा तो नाही."

"मग याने नक्की बरं वाटतं?" शाल्मलीने विचारलं होतं.

"बऱ्याच जणांना वाटतं. काहींना नाही वाटत. का, ते अजून सगळं कळलेलं नाही. म्हणून याच्या जोडीला विश्रांती आणि व्यायाम हवाच. चाचा, काही दिवस कानस, पटाशी, काही म्हणजे काही हातात धरायचं नाही."

चाचांनी मान डोलावली होती. ती होकाराची होती की नुसतीच, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि आज हा चटका.

मावशीने चाचांचं मनगट उजेडात धरून पाहिलं. भाजलं नव्हतं. पट्टी चांगली रुपयाएवढी होती, पण लाल झाला होता तो मोहरीएवढा एक ठिपका. "चाचा, चटका खरा आहे," ती म्हणाली. "तुम्हाला भास झाला असं मी म्हणणार नाही. हा ठिपका जाईपर्यंत इथे पुन्हा काही लावायचं नाही."

"आता लावायचा सवालच न्हाई," चाचा टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले. "काल ती म्हणाली काय कळणार न्हाई, ते ऐकलं. आज चटका दिला. उद्या काय करील? माझा ह्योच एक हात हाय, डॉक्टरबाई. डाव्या हातानं जवारी निघत न्हाई." आणि ते निघून गेले. त्यांनी शाल्मलीकडे रागाने पाहिलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, माझ्यामुळे झालं. मीच काहीतरी चुकले. आता ते येणारच नाहीत आणि त्यांचा हात तसाच राहील."

मावशी फरशी पुसत होती. ती म्हणाली, "रडून घे हवं तर, पण मग विचार करू. काय काय केलंस तू, सांग."

शाल्मलीने नाक ओढलं. "आधी ओल्या कापसाने मनगट पुसलं. तेल किंवा घाम असला तर निघून जावा म्हणून. मग पट्ट्या ओल्या आहेत ना ते पाहिलं, आणि कडा नीट दाबून बसवल्या. त्यांना पाणी प्यायला दिलं. मग हळूबाईला सांगितलं."

"सगळं बरोबर केलंस. पट्ट्या बिघडल्यात का बघू." मावशीने त्याच पट्ट्या स्वतःच्या मनगटावर लावून घेतल्या. हळूबाईने शंभर मायक्रोॲम्पिअर सोडले. मावशीला काहीही कळलं नाही. पट्ट्या चांगल्या होत्या.

"हळूबाई," शाल्मलीने विचारलं, "काल आणि आज यात काहीतरी वेगळं होतं का?"

"होतं," हळूबाई म्हणाली. "दाब. काल मला थोडाच दाब द्यावा लागला होता. आज बराच द्यावा लागला. पण तो मर्यादेच्या आत होता, म्हणून मी थांबले नाही."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"आधी कोणी विचारलं नाही."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. मग ती शाल्मलीला म्हणाली, "नळाच्या पाण्याचं जसं असतं ना तसं आहे. पाणी किती वाहतं तो झाला प्रवाह. त्याला मागून ढकलतो तो दाब, म्हणजे व्होल्टेज. आणि वाटेत अडथळा असतो त्याला म्हणायचं रोध. हळूबाई प्रवाह कायम शंभरच ठेवते. वाट मोकळी असेल तर तिला फार ढकलावं लागत नाही. वाट अडलेली असेल तर तेवढाच प्रवाह जावा म्हणून ती जास्त जोर लावते."

"म्हणजे आज चाचांच्या कातडीवर काहीतरी अडथळा होता." शाल्मली विचार करायला लागली. "पण मी तर पुसलं होतं! आणि तिथे काही दिसतही नव्हतं."

"न दिसणारं आणि पाण्याने न निघणारं काय असेल?" मावशी म्हणाली. तिलाही माहीत नव्हतं. मोठ्या माणसांना माहीत नसतं तेव्हा ती सहसा घसा खाकरतात आणि विषय बदलतात. मावशीने तसं केलं नाही. ती म्हणाली, "चल, उद्या दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा चाचांकडे जाऊ. माफी मागू आणि मनगटही बघू."

दुसऱ्या दिवशी दोघी तंबोऱ्यांच्या गल्लीत शिरल्या, तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. चाचांच्या दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. आतून एक उग्र, गोडसर वास येत होता. दारातूनच शाल्मलीला दिसलं, चाचा एका मोठ्या तंबोऱ्यापुढे मांडी घालून बसले होते आणि कापडाचा एक बोळा भोपळ्यावर गोल गोल फिरवत होते. उजव्या हाताने.

चाहूल लागताच चाचांनी बोळा पटकन पाठीमागे लपवला. एवढा मोठा, पांढऱ्या दाढीचा माणूस, पण चेहरा अगदी वर्गात चिंच खाताना सापडलेल्या पोरासारखा झाला.

"चाचा," मावशी म्हणाली, "कानस धरायची नाही म्हटलं होतं ना मी?"

"कानस कुठं धरलीय? पॉलिश करतोय नुसतं."

"काल, माझ्याकडे यायच्या आधीही करत होतात?"

चाचा भोपळ्याकडे बघायला लागले. शाल्मली मात्र त्यांच्या हाताकडे बघत होती. बोळ्यातून निथळलेलं पॉलिश त्यांच्या मनगटावरून ओघळून सुकलं होतं, पण ते दिसत नव्हतं. मान जरा तिरकी केली आणि दारातलं ऊन त्यावर पडलं, तेव्हाच ते चमकलं. अगदी भोपळ्यासारखं.

"चाचा, हे पॉलिश कशाचं असतं?"

"लाखेचं. लाख स्पिरिटमध्ये भिजवायची. स्पिरिट उडून जातं, लाख राहती. पाणी पडलं तरी काय होत न्हाई तंबोऱ्याला."

शाल्मलीने कोपऱ्यातल्या माठातलं पाणी बोटावर घेतलं आणि एक थेंब भोपळ्यावर टाकला. थेंब गोल मण्यासारखा उभा राहिला. मग तिने विचारलं, "तुमच्या मनगटावर टाकू?" चाचांनी हात पुढे केला. थेंब तिथेही तसाच मणी होऊन बसला, आणि मनगट हलताच घरंगळून गेला.

"पाण्याने निघतच नाही ते! म्हणून माझ्या ओल्या कापसाने निघालं नाही. आणि विजेलाही ते वाट देत नसणार, हो ना मावशी?"

"लाख विजेला वाट देत नाही. तिला विद्युतरोधक म्हणतात (ज्यातून वीज जवळपास जाऊच शकत नाही असा पदार्थ)." मावशीने पिशवीतून रोध मोजायचं छोटं यंत्र काढलं. आधी चाचांच्या स्वच्छ डाव्या मनगटावर टेकवलं, आकडा लहान आला. मग उजव्या मनगटावर लाखेच्या जागी टेकवलं, आकडा इतका वाढला की मापकाने हातच टेकले. मग ती त्याचं टोक त्या मोहरीएवढ्या लाल ठिपक्याजवळ नेऊ लागली. ठिपक्याच्या कडेला लाखेच्या थराला एक बारीक चीर गेली होती. तिथे आकडा झर्रकन खाली आला.

"एवढीच जागा मोकळी होती," शाल्मली हळूच म्हणाली. "सगळी वीज तिथूनच गेली."

"पण वीज तर तेवढीच होती म्हणता की," चाचा म्हणाले. आता त्यांनाही गोडी लागली होती.

मावशीने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीला टोच्या टांगला होता. "चाचा, या भोपळ्यावर मी तळहात ठेवून दाबलं तर काय होईल?"

"काय व्हायचंय?"

"आणि तेवढ्याच जोराने या टोच्याचं टोक टेकवलं तर?"

"भोक पडंल! हात लावू नका त्याला!" म्हणता म्हणता चाचा थांबले. जोर तेवढाच. पण तो कुठे पसरलाय आणि कुठे एका टोकावर आलाय, यावर सगळं अवलंबून. त्यांनी आपल्या मनगटावरच्या ठिपक्याकडे नव्याने पाहिलं.

"याला प्रवाहाची घनता म्हणतात (ठरावीक जागेतून किती वीज जाते ते)," मावशी म्हणाली. "पट्टी ओली का हवी, कडा दाबून का बसवायच्या, कातडी स्वच्छ का हवी, याचं कारण एकच. वीज सगळ्या पट्टीभर सारखी पसरली पाहिजे. पट्टी सुकली, अर्धी उचकटली, किंवा मध्ये असं काही आलं, की तीच बिचारी वीज एका ठिकाणी गोळा होते आणि टोचते. चाचा, चूक माझीही आहे. काल आल्या आल्या तुम्हाला विचारायला हवं होतं, आज काय काय केलंत म्हणून."

चाचांनी पाठीमागचा बोळा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "विचारलं असतं तर मी खोटंच सांगितलं असतं. तुम्ही पट्ट्या लावल्या, काय बी कळलं न्हाई. मला वाटलं, ही डॉक्टरबाई माझं मन राखायला नुसतंच लावतीय. मग घरी बसून काय उपयोग? बसलं की भ्या वाटतं. हात एकदा थांबला तर पुन्हा चालंल का, अशी धास्ती असती. म्हणून पॉलिशला बसलो."

शाल्मलीला आत्तापर्यंत वाटत होतं, की मोठी माणसं फक्त रागावतात, घाबरत नाहीत. तिने तंबोऱ्याच्या तारेला हळूच बोट लावलं. तार वाजली, पण बद्द. "चाचा, हा असा का वाजतो?"

"जवारी लागली न्हाई अजून. घोडी घासून झालीय, पण धागा राहिलाय." चाचांनी एका डबीतून सुताचा बारीक धागा काढला आणि तारेखाली सरकवायला हात वळवला. मनगटात कळ आली आणि धागा खाली पडला. त्यांनी तो उचलून शाल्मलीपुढे धरला. "तू लाव. तारेखाली, घोडीच्या माथ्यावर. मी छेडतो, तू सरकव."

शाल्मलीने श्वास रोखून धागा तारेखाली घातला. चाचांनी डाव्या हाताने तार छेडली. बद्द. तिने धागा आणखी आत सरकवला. तार पार मुकी झाली. "मागं घे," चाचा म्हणाले. "आणखी. केसभर. बास!"

आणि तार उघडली. त्या एका तारेतून असा भरून आवाज आला, की सगळं दुकान गुंजायला लागलं. शाल्मलीच्या अंगावर काटा आला.

"मी तर काहीच केलं नाही," ती म्हणाली. "नुसता धागा ठेवला."

"धाग्याला कुठं आवाज असतो? गाती ती तारच. धागा फक्त तिला गाता येईल असं करतो."

"मग जाड दोरी लावली तर जास्त आवाज येईल?"

"येडी का काय! दोरी लावली तर तार मरंल की. तिथं बारीकच पायजे, इतकं बारीक की..."

चाचांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग धाग्याकडे, मग मावशीकडे. मावशीला तंबोऱ्यातलं काही कळत नव्हतं, पण बरं व्हायचं ते शरीरालाच व्हायचं असतं, वीज त्याला फक्त हात देते, हे इतक्या चांगल्या तऱ्हेने तिला स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं.

"उद्या येतो," चाचा म्हणाले. "ही लाख आज स्पिरिटनं काढतो, मग साबणानं धुतो. आणि पॉलिशला न्हाई बसत. खरंच न्हाई."

ते आले. ठिपका गेल्यावर पुन्हा पट्ट्या लागल्या. यावेळी शाल्मलीने मनगट आधी उजेडात तिरकं धरून पाहिलं, थेंब टाकून पाहिला, मग पुसलं. मावशीने हळूबाईची दाबाची मर्यादाही खाली आणली आणि तिला सांगितलं, की रोध एकाएकी वाढला तर थांबायचं आणि न विचारताही बोलायचं. आता हळूबाई पहिल्यापासून पूर्ण प्रवाह सोडत नसे. थोडा सोडायची, विचारायची, मग थोडा वाढवायची.

"काय जाणवतंय?"

"काय बी न्हाई," चाचा म्हणाले आणि खुर्चीत आरामात मागे टेकले. "झकास चाललंय."

शाल्मलीने घरी बॅटरी आणि तारा जोडून असंच काही करता येईल का, असं एकदा विचारलं, तेव्हा मावशी पहिल्यांदा तिच्यावर ओरडली. इथे हळूबाई प्रत्येक क्षणाला मोजत असते म्हणून हे चालतं, घरच्या बॅटरीला मोजता येत नाही, हे तिने इतकं खडसावून सांगितलं की शाल्मलीने तो विषय पुन्हा काढला नाही. तुम्हीही काढू नका.

हळूबाईच्या चौकशांत मात्र एका प्रश्नाची भर पडली. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी आईच्या कडेवरच्या बाळालाही, ती गंभीरपणे विचारायची, "हाताला पॉलिश लागलं आहे का?"

शाल्मलीची सुट्टी संपत आली. चाचांची सूज उतरत गेली, मावशीने दिलेले व्यायामही ते कुरकुरत करत होते. एक दिवस शाल्मली आनंदाने म्हणाली, "मावशी, म्हणजे विजेनेच बरं केलं ना?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली. "विजेने किती, विश्रांतीने किती आणि व्यायामाने किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. खूप जणांना वीज द्यावी लागेल, खूप जणांना नुसत्याच पट्ट्या लावाव्या लागतील, आणि कोणाला काय दिलंय हे त्यांना न सांगता मोजावं लागेल. जाणवत नाही ते एका परीने सोयीचंच आहे. कोणी ओळखू शकणार नाही."

शाल्मली थोडी हिरमुसली. मग तिच्या मनात आलं, की मोठी झाल्यावर हे मोजायला आपल्याला आवडेल. ते तिने मावशीला सांगितलं नाही, कारण मावशी लगेच गणिताचा अभ्यास कुठवर आलाय ते विचारते.

ती नाशिकला निघाली त्या सकाळी चाचा दवाखान्यात आले. बरोबर तो तंबोरा होता, कापडात गुंडाळलेला. चारही तारांची जवारी लागली होती. त्यांनी तंबोरा हळूबाईपुढे उभा केला.

"रोज तू मला विचारतीस. आज मी विचारतो." आणि ते तारा छेडायला लागले, एकीमागून एक, सावकाश. "सांग, काय जाणवतंय?"

हळूबाईचा दिवा बराच वेळ लुकलुकला. "तारा चार आहेत. एक पंचमाची आणि तीन षड्जाच्या. पण मला गांधारही ऐकू येतोय. गांधाराची तार कुठे आहे?"

"त्याची तार न्हाई. जवारी बरोबर लागली की त्यो आपला आपण येतो."

"असं कसं होईल? मी पुन्हा मोजते."

"मोज की. मला काय घाई न्हाई."

शाल्मलीने भोपळ्याला कान लावला. गांधार खरंच होता, स्वच्छ, गोड, आणि कुठल्याच तारेचा नसलेला. हा कसा येतो ते आता मावशीला विचारायचं, की चाचांना, की स्वतःच शोधायचं, असा विचार करत तिने डोळे उघडले. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की चाचा इतका वेळ उजव्या हाताने वाजवतायत, आणि त्यांचं त्या हाताकडे लक्षसुद्धा नाही.